ताईच्या हातचं पाणी

तुम्ही बसा आरामात. मी इथे खुर्चीवर बरा आहे. गुडघ्यांना गरम पाणी चांगलं, हे मला डॉक्टरांनीही सांगितलंय. टब असलेली जागा काकांच्या गुडघ्यांसाठी घेतली अशी थाप तुम्ही घरी मारलीत, तेही माझ्या कानावर आलंय. पण मी असल्या टबात उतरत नाही. का ते विचारू नका. विचारलंत तर सांगावं लागेल, मग तुम्ही दहा मिनिटांत बाहेर याल आणि उद्या तुमची आई माझी खरडपट्टी काढेल.

विचारलंतच ना. बरं. मग आधी ते बुडबुडे बंद करा. या वयात ओरडून गोष्ट सांगवत नाही, आणि ही ओरडून सांगायची गोष्टही नाही.

माझा एक मित्र आहे. आम्ही त्याला बंब्या म्हणतो. लहानपणी गोल होता आणि सारखा तापलेला असायचा, म्हणून बंब्या. पुढे धंदाही तसलाच निवडला. पोहण्याचे तलाव आणि गरम पाण्याचे टब यांचं पाणी सांभाळायचं. तुमच्यासारखी माणसं पाण्यात बसून जे काही सोडून जातात, घाम, तेल, क्रीम, आणखी नावं घेत नाही, ते सगळं मारून पाणी पुन्हा पाण्यासारखं करायचं. तोंड वाकडं करू नकोस गं, तुझ्या अंगाला आत्ता कसलंतरी लोशन आहे, इथपर्यंत वास येतोय. बंब्या कोणाकडे चहाला गेला तरी आधी पाण्याचा पेला उजेडाकडे धरून बघायचा. घरमालकीण काय समजायची ते समजायची.

तर, नोव्हेंबर महिना. दुसऱ्या शुक्रवारी दुपारी त्याला दाजींचा फोन आला. दाजी म्हणजे त्याच्या मोठ्या बहिणीचे यजमान.

"मेहुणे, एकदा येऊन जा. टबाचं पाणी बिघडतंय. फिल्टर गेला असणार."

"होतंय काय?"

"लोकांचे डोळे चुरचुरतात. परवा एका बाईंचा पोहायचा पोशाख पाण्यात गेला निळा आणि बाहेर आला पांढरा. जाताना तिने सगळ्या पाहुण्यांसमोर तमाशा केला."

"पावडर कोण घालतं?"

"कोणीच नाही. डबा कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली माझ्या खिशात. पावसाळाभर टब बंद होता, महिन्यापूर्वी उघडला. तेव्हापासून दोनदा सगळं पाणी सोडून नवं भरलं. सकाळी बघावं तर तेच."

बंब्या म्हणाला, उद्या येतो. पण त्या घराची पायरी तो सहा महिने चढला नव्हता. ताई गेली त्यानंतर नाहीच.

ताईचं सांगायला हवं. बंब्याची आई लवकर गेली, ताईनेच त्याला वाढवला. त्याची वेणी घालायची बाकी ठेवली होती, एवढंच. मग तिचं लग्न झालं ते या घरात. घर कसलं, प्रवाशांना उतरायला खोल्या देतात तसलं. खाली ऑफिस आणि जेवणाची जागा, वर खोल्या. दाजी बोलायला गोड. काउंटरवर बसून सगळ्यांशी हसायचे. सासूबाई किल्ल्या सांभाळायच्या. उरलेलं सगळं ताई. उरलेलं म्हणजे किती, ते एखाद्या घरात राबलेल्या बाईला विचारा.

मग दाजींच्या डोक्यात टब आला. मागच्या अंगणात फळ्यांची बैठक केली, वर पत्रा, बाजूला पंपाची खोली. हौस दाजींची, पाणी ताईच्या गळ्यात. तिने बंब्याला बोलावून घेतलं. म्हणाली, "मला शिकव रे, चुकलं तर हे लोक माझं डोकं खातील."

शिकवलं त्याने. काम असं असतं बघा. रोज रात्री लोक उठले की झाकण लावण्याआधी छोट्या कुपीत टबाचं पाणी घ्यायचं. त्यात एक गोळी टाकायची. पाणी गुलाबी झालं की क्लोरीन आहे. फिकट गुलाबी असलं की झालं काम. रंग आलाच नाही तर क्लोरीन संपलं, लोकांच्या अंगाने खाऊन टाकलं. मग मापाने पावडर घालायची. ताईला हे एका दिवसात जमलं. केस वर गुंडाळून त्यात पेन्सिल खोचायची, कुपी दिव्याकडे धरायची आणि एक डोळा मिटून बघायची. पाणी असं ठेवायची की तळाला पडलेली टाचणी दिसावी.

एवढं शिकवलं. पण पुढचं एक शिकवायचं राहिलं. ते काय, ते येईलच.

मे महिन्यात दोन पाहुण्यांच्या अंगावर पुरळ उठलं. टबामुळेच असेल असं काही नाही. पण दाजी सगळ्यांदेखत जेवणाच्या जागी ताईला म्हणाले, "एक पाणी सांभाळता येत नाही तुला. करतेस काय दिवसभर?" सासूबाई म्हणाल्या, "पाण्यात बघत बसते."

लोक हसले म्हणे.

त्या रात्री ताईने बंब्याला फोन केला. तो परगावी, दिवसभर एका तलावाचा गाळ उपसून मेल्यासारखा झोपलेला. ती म्हणाली, "रंगच येत नाहीये रे. दोनदा घातली पावडर. तरी कुपी कोरीच." तो अर्ध्या झोपेत म्हणाला, "मग अजून घाल, ताई." आणि कुशीवर वळला.

सकाळी ती फळ्यांवर सापडली. पावडरीने काही होत नाही म्हटल्यावर तिने कपाटातलं दुसरं औषधही ओतलं होतं. आम्ल. क्लोरीनने भरलेल्या पाण्यात आम्ल ओतलं की कसला विषारी वायू वर येतो ते तुम्ही शाळेत शिकलात. झाकण अर्धं लावलेलं, ती वाकलेली. दाजींनी सगळ्यांना सांगितलं, तिला दमा होता. दमा तिला कधीच नव्हता.

आणि बंब्याने कोणाला काहीच सांगितलं नाही.

पाय आत घ्या, गार पडतील.

तर शनिवारी संध्याकाळी बंब्या पोचला. दारातून आत आला की डाव्या हाताला भिंत, तिथे ताईचा फोटो. फोटोच्या खिळ्यालाच कोणी पाहुण्याने ओली टोपी अडकवली होती. तिचं अर्धं तोंड झाकलं गेलं होतं. बंब्याने टोपी काढून काउंटरवर ठेवली.

"आलात?" सासूबाई टीव्हीवरची नजर न काढता म्हणाल्या. "बसा. चहा हवा असेल तर आत करून घ्या. आता काय, ज्याचं त्याने. ती सुटली, आम्ही अडकलो."

दाजी हसत आले. पाठीवर थाप मारली. "मेहुणे, आज टब बंद ठेवलाय. रात्रभर घ्या, पण सोमवारी मोठी मंडळी येणार आहेत. त्यांच्या आधी पाणी हवं."

बंब्या मागे गेला. झाकण उचललं आणि डोळे मिटून मागे सरला. पाण्यावर तोंड धरवेना इतका भपका. बाहेरून बघाल तर पाणी काचेसारखं. त्याने कुपी भरली, गोळी टाकली.

रंग आला नाही.

म्हणजे नीट बघितलं नसतं तर आला नाही असंच वाटलं असतं. गोळी विरघळली तेव्हा पापणी लवायच्या आत एक गुलाबी झाक उठली आणि विझली. मग कुपी कोरी.

तेच ते ताईला शिकवायचं राहिलेलं. क्लोरीन फारच जास्त झालं ना, तर ते गोळीचा रंगही खाऊन टाकतं. कुपी कोरी दिसते. माणसाला वाटतं, काहीच नाही. माणूस अजून घालतो. अशा वेळी टबाचं थोडं पाणी साध्या पाण्यात मिसळून पातळ करायचं आणि मग बघायचं. बंब्याने केलं. एक झाकण टबाचं, नऊ झाकणं नळाचं. कुपी गर्द गुलाबी झाली.

पाणी बिघडलं नव्हतं. कोणीतरी रोज रात्री, घाबरून, पावडरीवर पावडर ओतत होतं.

त्याने अर्ध्याहून जास्त पाणी सोडलं, नवं भरलं, रात्री साडेदहापर्यंत मापात आणलं. फिकट गुलाबी. मग दाजींकडून कपाटाची किल्ली घेतली, पावडरीचा डबा काढला, आम्लाची बाटली काढली, दोन्ही बाहेर रस्त्यावर उभ्या असलेल्या स्वतःच्या गाडीत ठेवून गाडीला कुलूप लावलं. पंप सकाळपर्यंत चालू राहील असा लावला. आणि पंपाच्या खोलीच्या दारात घोंगडी घेऊन बसला. वरच्या खोल्यांतले दिवे एकेक करून गेले. फळ्यांवरचा एक बल्ब राहिला.

दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. त्याला वेळ पक्की आठवते, कारण त्याने घड्याळ पाहिलं.

पाहिलं, कारण पंप थांबला.

इतकी शांतता झाली की पाण्यावरच्या वाफेचाही आवाज येईल.

मग... खर्र.

थांबलं.

खर्र.

डब्याच्या तळाशी माप घासल्याचा आवाज. तो आवाज बंब्याने आयुष्यभर ऐकलेला. पण डबा गाडीत. गाडी रस्त्यावर. गाडीची किल्ली त्याच्या मुठीत.

आवाज त्याच्या पाठीमागून येत होता. पंपाच्या खोलीतून. जिथे कपाट रिकामं होतं.

तो वळला नाही. वळताच येईना.

त्याच्या खांद्याजवळून काहीतरी गेलं. गार. ओलं. आणि तो भपका.

टबाचं झाकण हललं. फार जड असतं ते, दोन माणसं लागतात. ताईचं मनगट दुखायचं. ती आधी गुडघा लावायची, मग खांदा, मग थांबून श्वास घ्यायची.

झाकण जरा उचललं.

थांबलं.

मग पूर्ण उघडलं.

बल्बखाली पाठ दिसली. वाकलेली. वर गुंडाळलेले केस. त्यात पेन्सिल.

ती कुपी भरत होती. दिव्याकडे धरत होती. एक गुलाबी झाक उठली... विझली. साडेदहाला हेच पाणी फिकट गुलाबी होतं; तिच्या कुपीत मात्र अजून मे महिन्यातलंच. तिने कुपी रिकामी केली. पुन्हा भरली. पुन्हा दिव्याकडे.

कोरी.

मग माप घेतलं. माप रिकामं होतं, बंब्याने डोळ्यांनी पाहिलं. तिने ते पाण्यावर उपडं केलं आणि त्यातून पांढरी पावडर पडली. पडत राहिली.

पुन्हा कुपी.

कोरी.

आणि तेव्हा बंब्याला दिसलं की तिचा हात कापतोय. खांदे कापताहेत. ती घराच्या दाराकडे बघत होती. मागे... पुन्हा पाण्याकडे... पुन्हा दाराकडे. कोणी येईल. कोणी बघेल. कोणी सगळ्यांसमोर बोलेल.

हे ऐकून घ्या नीट. भूत बघून माणसं घाबरतात. इथे मेलेली बाई जिवंत नवऱ्याला घाबरून थरथरत होती. सहा महिने. रोज रात्री.

बंब्याची भीती तिथे कुठेतरी गळून पडली. तो उठला.

"ताई."

ती थांबली नाही.

"ताई, अजून घालू नकोस."

माप हवेत थांबलं.

"मी चुकीचं सांगितलं तुला. झोपेत सांगितलं. कोरी आहे म्हणजे नाही असं नाही गं... फार झालंय. रंग खाऊन टाकतंय ते. तुझं काही चुकलं नव्हतं. तुझं पाणी बरोबर होतं. मी..."

त्याने आपली कुपी काढली. एक झाकण टबाचं. नऊ झाकणं साधं. गोळी. त्याने कुपी तिच्या बाजूला, दिव्याकडे धरली.

गुलाबी.

ती बघत राहिली. तिचं तोंड त्याला दिसलं नाही. केसांची बट, कानाची पाळी, एवढंच. तिने मान किंचित कलती केली. एक डोळा मिटला असावा.

मग त्याच्या बोटांमधून कुपी काढून घेतली गेली. बर्फ लागावा तशी गार बोटं.

...

पंप सुरू झाला.

फळ्यांवर कोणी नव्हतं.

सकाळी दाजींनी त्याला टबाशेजारी बसलेला पाहिला. डोळे सुजलेले. दाजींना वाटलं, क्लोरीनने. बंब्याने पाणी तपासून दाखवलं. रात्रीतून त्याने हातही लावला नव्हता, तरी फिकट गुलाबी, जसं हवं तसं. आणि घरी येताना गाडी तीनदा बाजूला घेऊन तो रडला. त्याला वाटलं, सुटली. ताई सुटली.

गोष्ट इथे संपली असती तर मी आत्ता तुमच्यासोबत गळ्याइतक्या पाण्यात बसलो असतो.

महिनाभराने बंब्याने सहज फोन केला. दाजी भलतेच खुशीत.

"मेहुणे, मानलं तुम्हाला. पाणी म्हणजे आरसा. लोक पाण्याचे फोटो काढतात."

"छान. कोणाला ठेवलंत सांभाळायला?"

"ठेवलं नाही कोणाला."

"मग बघतं कोण?"

"बघितलं जातं."

"कोणाकडून, दाजी?"

दाजी आवाज उतरवून, पण हसत म्हणाले, "आईच्या लक्षात आलं आधी. डबा रात्री बाहेर ठेवला ना, की सकाळी सगळं चोख. झाकण, फिल्टर, फळ्यासुद्धा पुसलेल्या. आम्ही काही खिडकीतून बघत नाही, उगाच कशाला. आई झाकण मात्र सैल करून ठेवते. म्हणते, तिचं मनगट दुखायचं."

बंब्याला वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नसावं.

"आता आई म्हणते," दाजी म्हणाले, "फरशीचं औषध आणि ब्रशही ठेवून बघू."

कळलं का? तो गेला होता तिला सोडवायला. आणि राहिलेला धडा पुरा करून, तिला त्या टबापाशी कायमची कामाला लावून आला होता. आधी निदान ती चुकत तरी होती. चुकणाऱ्या माणसाला लोक कधीतरी काढून टाकतात. आता ती चुकत नव्हती.

बंब्या त्याच दिवशी निघाला. भर दुपारी पोचला आणि कोणाशी न बोलता मागच्या अंगणात गेला. पंपाच्या वायरी ओढून काढल्या. टबाचा खालचा नळ पूर्ण उघडला.

दाजी धावत आले. "अहो, डोकं फिरलंय का? संध्याकाळी माणसं येणार आहेत."

"येऊ देत."

"पाणी कुठे सोडताय? मेहुणे, हे माझं घर आहे."

"घर तुमचं. बहीण माझी."

"बहीण?" दाजींचा आवाज चढला. "सहा महिने कुठे होती बहीण? फोटोवरची धूळ पुसायला आलात का एकदा तरी?"

हे मात्र खरं होतं. बंब्याने मान खाली घातली. पण नळावरचा हात काढला नाही.

सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. त्या ओरडल्या नाहीत. अगदी समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "अहो, जिवंत होती तोवर तिच्या हातून एक काम धड झालं नाही. आता कुठे हात बसलाय. आणि नेमकं आत्ताच तुम्ही तिला नेणार?"

बंब्या म्हणतो, रात्री ताईला पाहून जे झालं नाही ते या वाक्याने झालं. अंगावर सरसरून काटा आला.

पाणी जायला तास लागला. तो फळ्यांवर बसून राहिला. तळाला शेवटचं पाणी भोवऱ्यासारखं फिरलं, घरघरलं, गेलं. तेव्हा तो खाली वाकून हळूच म्हणाला, "चल ताई. घरी चल."

गाडीचं मागचं दार त्याने उघडं धरलं. कोणी बसायला जितका वेळ लागतो तितका थांबला. मग लावलं. वाटभर मागच्या काचा आतून धुरकटत राहिल्या. पुढच्या स्वच्छ. त्याने आरशात एकदाही पाहिलं नाही.

घरी आला. रात्री बाहेरच्या खोलीत गादी घातली, नवी चादर, उशी.

वहिनी, म्हणजे बंब्याची बायको, म्हणाली, "कोण येणार आहे?"

"कोणी नाही. असू दे."

"तुम्हाला माझ्या शेजारी झोपायचं नसेल तर सरळ सांगा."

"तसं काही नाही गं. झोप."

सकाळी गादीची चौकोनी घडी भिंतीशी. तिच्यावर चादर, चादरीवर उशी. आणि स्वयंपाकघरात ओटा लखलखीत, रात्रीची सगळी भांडी घासून पालथी घातलेली. वहिनीला वाटलं, नवऱ्याला कसला तरी पश्चात्ताप झाला. ती खूश झाली. दुसऱ्या दिवशीही तेच. आठवड्याने तिला संशय आला, महिन्याने तिला कळलं. बंब्याने सगळं सांगितलं. ती घाबरली, दोन दिवस माहेरी जाऊन राहिली. मग परत आली.

वहिनी वाईट नाही रे. मी तिच्या हातचं जेवलोय. पण तुम्हाला सांगतो, परत आल्यावर हळूहळू तिने रात्रीची भांडी घासायचं सोडलं. आधी एखादी कढई राहायची. मग सगळीच. सिंकमध्ये ठेवायची, हात पुसायची आणि बंब्याच्या नजरेला नजर न देता झोपायला जायची.

बंब्याने तिला एक शब्द विचारला नाही. काय विचारणार? त्यानेही ताईला कधी विचारलं नव्हतं, तू दमतेस का म्हणून.

मग त्याने काय केलं, तर घरचे झोपले की तो उठतो. भांडी घासतो. ओटा पुसतो. बाथरूम, मोरी, बादल्या, पाण्याची टाकी, जिथे जिथे हात जाईल असं काही दिसेल ते सगळं स्वतः करून टाकतो. तिच्यासाठी काही शिल्लक ठेवत नाही. शेवटी बाहेरच्या खोलीत येतो, गादी घालतो, चादर ओढून नीट करतो आणि म्हणतो, "झालं सगळं, ताई. पड आता." मग आत जाऊन झोपतो.

सकाळी गादी घडी घातलेलीच. म्हणजे पडलीच नसणार, असं तो म्हणतो. उभीच राहत असेल कुठेतरी कोपऱ्यात, काम शोधत. हे सांगताना त्याचा चेहरा बघवत नाही.

मागच्या महिन्यात मी त्याच्याकडे मुक्कामाला होतो. त्या घरात आम्ही तिघंच, आणि तिघांची अंथरुणं आतल्या खोल्यांत. पहाटे मला तहान लागली म्हणून उठलो. बाहेरच्या खोलीतून जावं लागतं. उजाडायला अवकाश होता. बंब्याचं घोरणं आतून ऐकू येत होतं.

गादी भिंतीशी होती. चौकोनी घडी. कडेला कडा लावलेली.

मी कधी असल्या गोष्टींना हात लावत नाही. पण तिथे उभा राहिलो... आणि काय वाटलं कोण जाणे...

घडीच्या आत हात घातला.

आत ऊब होती. कोणीतरी रात्रभर झोपून, नुकतंच उठून गेलं असावं, तशी.